उंबरठ्याचं गाव

अर्विंग, १२ फेब्रुवारी २००६

चि. मनोहर यास,
मालूताईचे अनेक आशीर्वाद.

संग्रामचं लग्न ठरलं. मुलगी आश्लेषा, शिकागोत जन्मलेली. घरं-ऑफिसं आतून डिझाइन करते. लग्न जूनमध्ये, इथल्या देवळात.

आता तुझं काम. नवं घर छान आहे, पण दाराला उंबरठा नाही, नुसती ॲल्युमिनियमची पट्टी. तीवर सुनेनं माप ओलांडायचं? तुझ्या गराजमध्ये बर्मा सागवानाची जाड फळी पडून आहे, तिचा उंबरठा कर. दार साधारण छत्तीस इंच आहे. आमचे हे म्हणतात, साला त्या फळीला मुलीसारखं जपतो. एकदा तिचं कन्यादान उरकून टाक म्हणावं.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
मालूताई


पिस्कॅटवे, ५ मार्च २००६

ती. मालूताईस,
शि. सा. न. वि. वि.

'साधारण' या शब्दावर उंबरठा बसत नाही. मी संग्रामला फोन करून चौकटीचं आतून आतलं माप घेतलं: साडेपस्तीस. दार खालून कापावं लागेल, ते मी येऊन कापीन. तिथल्या कुणाला हात लावू देऊ नकोस.

फळीवर खुणा करून करवत लावणार, तेवढ्यात तुझ्या होणाऱ्या सुनेचा फोन आला. गोड बोलते. खूप थँक्यू म्हणाली आणि मग विचारलं, हे वुड कुठून आलं. मी सांगितलं, बर्मा सागवान, अस्सल. त्यावर म्हणते, "काका, ही जात झाली. गाव कुठलं? कुठल्या जंगलातून, कुणी तोडलं?"

ताई, मी कुठल्या शाळेत सुतारकाम शिकलो नाही. पुस्तकं वाचून आणि बोटं कापून घेऊन शिकलो. सागवान मी डोळे मिटून, वासावरून ओळखतो. निम्म्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मी केलेली देवघरं आहेत, एकाही देवानं आजवर गाव विचारलेलं नाही. नसेल पसंत तर ॲल्युमिनियम आहेच. फळी परत भिंतीला टेकवून ठेवली आहे.

मोहनरावांना नमस्कार. राग तुझ्यावर नाही, एवढं समजून घे.
तुझा,
मनोहर


अर्विंग, २० मार्च २००६

चि. मनोहर यास,
अनेक आशीर्वाद.

रुसलास ते कळलं. लहानपणी पतंग फाटला की असाच भिंतीकडे तोंड करून बसायचास.

आश्लेषा गेल्या शनिवारी आली होती. तुझं नाव काढलं तर डोळ्यांत पाणी. म्हणाली, मनोहरकाकांच्या हातचंच हवंय मला, म्हणून तर विचारलं. ऑफिसात ती बाहेरून येणारं लाकूड निवडते, तेव्हा जंगल राखून तोडलंय ना, तिथल्या माणसांना मजुरी मिळाली ना, हे आधी बघते. क्लायंटसाठी एवढं करते, मग स्वतःच्या घरात पहिलं पाऊल कशावर टाकतेय हे तिला कळायला नको?

मला आधी पटलं नाही. मग आठवलं, स्थळ आल्यावर मी तिच्या आजोळचं गावसुद्धा विचारून घेतलं होतं. तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं नाही.

मला एवढीच धास्ती आहे रे, की सून दारात येईल आणि तुमच्या दोघांतली अढी तिच्याआधी घरात शिरेल. बघ काय जमतं.

माया आहे तशीच आहे.
मालूताई


पिस्कॅटवे, २१ मे २००६

ती. मालूताईस,
शि. सा. न. वि. वि.

उंबरठा तयार आहे. बर्माचा नाही. कोस्टा रिकातल्या लागवडीचा सागवान आणला, प्रमाणित. जितकं तोडतात तितकं लावतात, असा त्या लोकांचा हिशेब. गाव पाहिजे होतं ना, फळीवर मळ्याचं नाव आणि नंबर शिक्क्यानं मारलेला होता.

लाकूड तरुण, रंगानं फिकं. मी नाक मुरडूनच रंधा लावला. पण रंध्याच्या दुसऱ्या हाताला तोच वास आला, ताई. चिरलं नाही, पीळ नाही. पोर चांगल्या घरचं आहे.

आता घोटाळा ऐक. फळीची टोकं भेगाळलेली असतात म्हणून मी नेहमी पहिल्यांदा ती कापून टाकतो. या वेळीही टाकली. उंबरठा काचेसारखा घासून, तेल पाजून झाला, आणि मग लक्षात आलं, शिक्का त्या टोकावर होता. ज्यासाठी एवढं केलं ते गाव मीच कापून टाकलं होतं! जळणाच्या खोक्यात हात घालून शोधलं. मिळालं.

तो तुकडा उंबरठ्याला परत चिकटवणं माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून त्याचं बूड करून लाकडी माप घडवलं आहे. तुझं पितळेचं या वेळी आत राहू दे. बाहेरून गुळगुळीत केलंय, बुडाला मात्र घासकागद लावलेला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी जागा खरबरीत सोडली, हात शिवशिवत होते. आश्लेषाला सांग, पायानं जरा जोरात लोट, आडवं पडलं पाहिजे.

दार कापायची करवत घेऊन येतोय. तोवर सांभाळून घे.
तुझा,
मनोहर


अर्विंग, ९ जुलै २००६

ती. मनोहरमामांस,
सा. न. वि. वि. (हे आईंनी शिकवलं. स्पेलिंगही त्यांनीच चेक केलं.)

तुम्ही परत गेल्यापासून दार एकदाही अडकलं नाही.

तुम्ही दाराशीच उभे होतात, म्हणून तेव्हा बोलता आलं नाही. माप पडलं, तांदूळ सांडले आणि सगळे तांदळांकडे बघत होते. मी बूड बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, तेही मला दिसलं.

तुमची बर्माची फळी कापू नका. तिचं गाव आता सापडणार नाही कदाचित, पण आहे तशी राहू दे. माझ्या ऑफिसला एका लायब्ररीचं दार करून घ्यायचंय, कोस्टा रिकाच्याच सागवानाचं. मी तुमचं नाव दिलंय. शिक्का कापायचा नाही, ही एकच अट.

माप शेल्फवर आहे. आई म्हणतात, उलटं ठेवू नये, बरं नसतं. म्हणून सरळ ठेवते. पाहुणे आले की उलटं करते.

असंच रागावत जा, पण फोन उचलत जा.
तुमची,
आश्लेषा