तेरा डायोड आणि एक मेलेला फ्लिपर

३ मार्च, सोमवार
सासऱ्यांचं पिनबॉल मशीन आजपासून माझ्या ताब्यात. तीस वर्षं त्यांच्या हॉटेलात होतं. डावा फ्लिपर, म्हणजे गोळी परतवणारा डावा हात, मेलाय. पुढच्या सोमवारी सासरे कायमचे मेव्हण्याकडे राहायला जाणार. त्याआधी रविवारी इथे एक शेवटचा डाव खेळायचाय म्हणे. बायकोने शब्द देऊन टाकला. वर विचारते, शेजारच्या रेडिओकाकांना बोलावू का? चष्म्याची काडी दोऱ्याने बांधणारा माणूस! म्हटलं, घरात इंजिनिअर असताना? म्हणाली, सिव्हिल.

४ मार्च, मंगळवार
झाकण उघडलं. शी! तेलकट काळा चिकटा, झुरळांचे पाय, कुणाचा तरी खोटा दात. जेवण गेलं नाही. मल्टिमीटर आणला. पुस्तिका वाचली नाही. पुस्तिका अडाण्यांसाठी असते.

५ मार्च, बुधवार, सकाळी ११
प्रत्येक कॉइलवर, म्हणजे फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर, एक डायोड. त्यातून वीज एकाच बाजूने जायला हवी. जागच्या जागी मोजले, तर मीटर दोन्ही बाजूंनी बोंबलतं. तेराच्या तेरा शॉर्ट! निदान झालं. काय कचरा बनवतात लोक.

दुपारी २
रेडिओकाका डोकावले. म्हणाले, डायोडचा एक पाय सुटा करून मोजा, नाहीतर मीटर कॉइलच मोजतं. कोणी विचारलं होतं? तोंडाला कांद्याचा वास.

६ मार्च, गुरुवार
तेरा डायोड कापून कचऱ्यात. नवे लावले. प्रत्येकाच्या एका टोकाला पट्टी असते. शोभेची असावी. मी सगळ्या पट्ट्या माझ्या बाजूला घेतल्या. शिस्त म्हणजे शिस्त. बोट भाजलं. बायकोने मलम दिलं, सहानुभूती नाही.

७ मार्च, शुक्रवार
चालू केलं. फट्! फ्यूज गेला. हल्ली फ्यूजमध्येही दम नाही. त्याजागी जाड तार घातली. धूर. बोर्डावरचे ट्रान्झिस्टर गेले. जुनाट माल, कधीतरी जाणारच होता. आता उजवा फ्लिपरही बंद, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या. काम सोपं झालं. घरभर जळका, ओकारी आणणारा वास. बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या.

उद्या पहाटे पाचला उठून सगळं नव्याने.

८ मार्च, शनिवार
साडेनऊला उठलो. शरीराचंही ऐकावं लागतं. बघतो तर रेडिओकाका मशीनपाशी! बायकोने बोलावलेले. कचऱ्यातले डायोड काढून मोजले म्हणे, तेराही ठणठणीत. पट्टी विजेची दिशा दाखवते म्हणे, माझे सात उलटे. मुळात फ्लिपरची एक वायर तेवढी सुटली होती, पाच मिनिटांचं काम. आता ट्रान्झिस्टर मागवायचे, आठ दिवस लागतील. म्हटलं, हल्ली कुरिअरवाल्यांचा काही भरवसा नाही.

९ मार्च, रविवार
सासरे आले. नवा शर्ट घालून. चालत नाही बाबा, हे बायकोनेच सांगितलं. मला जमलं नाही. ते म्हणाले, असू दे गं. मग मशीनसमोर उभे राहिले आणि दहा मिनिटं दोन्ही बटणं दाबत राहिले. काचेखालच्या, नसलेल्या गोळीकडे बघत. बायको आत जाऊन रडली. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, जावईबापू, काच मात्र लख्ख पुसलीत हं.

काच बायकोने पुसली होती. मी म्हटलं, त्यात काय एवढं.