शोभा टेलिफोनवर बसली

२२ जुलै १९८५
शोभाच्या पाठीचा निकाल लागला. नागपूरच्या हाडाच्या डॉक्टरनं सांगितलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पेशंट तर नाहीच नाही. म्हणजे वॉर्ड सुटला. एका भल्ल्या जाड बाईले पलंगावर सरकवताना मणका गेला. ती बाई धड चालत घरी गेली, आमची वाकडी होऊन आली.

सून आहे माझी. लग्नाच्या आधीपासून नर्स. वसंतानं तिले घरात आणली तेव्हा मीच तोंड वाजवलं होतं, परक्याचं हगणंमुतणं काढणारी सून कायले पायजे म्हणून. मग मले विषमज्वर झाला, तेव्हा माझंच काढलं. त्या विषयावर तेव्हापासून माझं तोंड बंद. बाकी चालू आहे.

आज घरी येऊन तिनं ड्यूटीचं पांढरं पातळ घडी करून पेटीत ठेवलं. वरून पेपर टाकला. मेलेल्या माणसावर टाकतात तसा.

ही डायरी नातीनं दिली, मिनूनं. तिले दोन भेटल्या होत्या. माझी शाळा तिसरीपर्यंत. काना-मात्रा जिथं पडंल तिथं पडंल.

२३ जुलै
शोभाले टेलिफोनवर बसवणार म्हणे. खेड्यातल्या लोकांनी आपल्या गावच्या पोस्टातून दवाखान्यात फोन करायचा. नर्सनं ऐकून सांगायचं, आत्ता आणा, उद्या आणा, का आणूच नका. मोठ्या डॉक्टरसाहेबाची कल्पना. लोक सर्दी झाली की गाडी जुंपतात, आणि खरा बिमार घरी अंगाऱ्यावर ठेवतात, म्हणून.

वसंता जेवता जेवता म्हणे, "बरं झालं. बसल्या जागी काम."
शोभानं ताट सरकवलं. "मी काय एक्स्चेंजवाली हावो?"
वसंतानं आणखी भाजी वाढून घेतली. मिलमध्ये जन्म गेला त्याचा, मशीन बंद पडलं की समजते त्याले. बायको बंद पडली की नाही समजत.

२९ जुलै
मुद्दाम पाहून आली. औषधाच्या खिडकीमागं खोली. काळा फोन, खुर्चीवर उशी. शोभा अशी ताठ बसलेली, जशी शाळेत शिक्षा झाली.

मी होती तेवढ्यात वाजला. पलीकडचा माणूस एवढा बोंबलत होता का मलेही ऐकू येत होतं.
"बाई, सकाळपासून कळा देऊन राह्यली, सुटत नाई!"
"कितवी खेप?"
"तिसरी."
"पाणी गेलं का?"
"गेलं. पाय दिसून राह्यला."
शोभा उभीच राहिली. "पाय? आधी पाय? भाऊ, लगेच घेऊन या!"
"आणू कशी बाई, म्हैस हाये ना ते!"

मी पदरात तोंड खुपसलं. शोभा नाही हसली. ढोरांच्या डॉक्टरकडे माणूस पाठवला, मग बसली.
म्हणे, "पाहिलं ना आत्याबाई? समोर असती तर शेपूट तरी दिसलं असतं."

८ ऑगस्ट
तिचं रडगाणं एकच. जीभ दिसत नाही, डोळा दिसत नाही, हात लावता येत नाही. आणि बाई बिमार असली तर फोनवर बोलतो कोण? सासरा. नवरा. दीर. सारं गाव पोस्टात उभं. "पोट दुखते" याच्यापुढं एक शब्द नाही. आज एकाले म्हणाली, तिलेच द्या फोन. दिला. पलीकडं नुसता श्वास. सासरा बाजूले उभा, कशी बोलणार?

मी म्हटलं, "आम्ही काय करत होतो मग? मामंजीसमोर मी एक शब्द बोलली नाही कधी. ते ओसरीतून विचारत, भाकर झाली का? मी दाराआडून बांगड्या वाजवत होती. झाली असली का वाजवायच्या. नसली का चूप. कधी उपाशी नाही राह्यले."
शोभा माझ्याकडं पाहतच राहिली.
"काय पाहते? तुह्या सासऱ्याशीबी पहिलं वर्ष असंच बोलली मी."
"मग नंतर?"
"नंतर त्याईलेच बोलू नाही देलं."

१९ ऑगस्ट
चाललं! शोभा फोनवर म्हणते, "बाई, तू बोलू नको. मी विचारतो, हो असंल तर फोनपाशी बांगड्या वाजव." आणि वाजवतात. काचेच्या बांगड्या, छन्न ऐकू येते. अंगावरून जास्त जाते का? छन्न. किती दिवस झाले, आठ? चूप. पंधरा? छन्न. बाजूच्या सासऱ्याले वाटते, बाई नुसतं ऐकून राह्यली.

एक पोरगी अशीच वेळेवर आणली. आंगात रक्तच नव्हतं म्हणे. मोठे साहेब स्वतः खोलीत येऊन ऐकून गेले. शोभानं त्याईले सांगितलं, ही आमच्या आत्याबाईची युक्ती. ते म्हणाले, बुढीले आणा एक दिवस.
बुढी म्हणे. स्वतःच्या डोक्यावर पाटी कोरी झाली आहे त्याच्या.

शोभा दोन भाकरी खाते आता. मिनूची वेणी घालताना गुणगुणत होती. मी म्हटलं, लय उडू नको. पण बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, पोळा
पुरण केलं. शोभाची ड्यूटी होती, पोळा फुटल्यावर आली. गल्लीत बैल सजवून फिरवून राह्यले होते, तिनं बैलाचे पाय धुतले, नैवेद्य दाखवला.

जेवताना सांगे, वेणा नदीपलीकडून फोन होता. वहिनीचं पोट दुखते, आणू का, म्हणून दीर विचारत होता. आज बैल जुंपत नाही, उद्या आणलं तर चालंल का? शोभानं वहिनीले फोनवर बोलावलं. चक्कर येते का? चूप. खांद्यात दुखते का? चूप. पाळी चुकली का? चूप. एकाही गोष्टीले बांगडी वाजली नाही. मग म्हणाली, उद्या सकाळी आणा. पोळ्याचा नेम कायले मोडायला लावू त्याईले.
बरोबर केलं, मी म्हटलं. बैलाले वर्षातून एक दिवस.

१५ सप्टेंबर
आणली तिले. पोटात रक्त साचलेलं. गर्भ नळीत राह्यला होता, फुटला. पोहोचली तेव्हा नाडी लागत नव्हती. लगेच आत नेली, कापली, रक्त चढवलं. जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात, अजून सांगता येत नाही.

इंदू नाव. विधवा आहे. हातात बांगड्याच नाहीत.

शोभा मोरीत बसून सांगत होती, तांब्या हातात तसाच. "ती शुद्धीवर आली तर मी विचारलं, काऊन नाई वाजवलं? तर म्हणे, मी मान हलवली ना बाई. हर वेळी हलवली."
फोनमध्ये मान हलवली तिनं.
दीर बाहेर भिंतीले टेकून उभा. विधवेच्या पोटी गर्भ कसा, हे कोणी त्याले विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सारे आपापल्या चपलीकडं पाहून राह्यले.

वसंताचा बाप गेला तेव्हापासून माझेही हात असेच. ह्याच हातांनी त्या दिवशी भाकर थापत थापत अक्कल दिली मी शोभाले. मले माझेच मनगट दिसले नाहीत.
बस. लिहून काय होते.

१७ सप्टेंबर
शोभा टेलिफोनवर बसायले नाही म्हणते. मेट्रनले सांगून आली, मले वॉर्डात घ्या, पाठीचं पाहून घेतो. मेट्रन म्हणे, आधी नीट विचार करून सांगा. वॉर्डात माणूस समोर तरी असते म्हणे.
वसंता ओरडला, "अपंग होशीन!"
"होईन. कोणी मरणार तर नाई ना माह्यानं!"
मिनू रडायले लागली. मी दोघांवर खेकसली, भांडायचं तर अंगणात जा, गॅसवर दूध आहे.

डॉक्टरसाहेब तिले दोष देत नाहीत. मेट्रनही नाही. त्यानंच जास्त जळते.
इंदूले ताप आहे.

१९ सप्टेंबर
मी गेली इंदूले पाहायले. शोभा नाही येत म्हणे त्या वॉर्डात. लहानशी बाई, मिनूच्या मास्तरणीएवढी वयानं. तिच्या उशाशी बसली तर मले काय सुचलं, म्हटलं, "तुले तोंड नव्हतं का वो? हो म्हणायले काय झालं होतं?"
ती म्हणे, "दीर उभा होता. पोस्टमास्तर उभा होता. माह्या नावानं बोलायले सारं गाव वाटच पाहून राह्यलं, आजी. तुमी बोलल्या असत्या?"
नसती बोलली. तिले तसं सांगितलं नाही. चादर नीट केली.
मग म्हणे, "नर्सबाई माह्यावर रागावल्या का? त्याईनं फोनवर मलेच बोलावलं ना. आमच्या घरात मले कोणी विचारतबी नाई."

शोभाले हे सांगितलं. ती कणीक मळत होती. मळतच राहिली, कणीक पार ढिली झाली.

२१ सप्टेंबर
टेलिफोनवर औषधाच्या खिडकीवाल्याले बसवलं. तो कोणालेही एकच सांगतो, आणा. ताप आला, आणा. खरचटलं, आणा. व्हरांड्यात पाय ठेवायले जागा नाही. खोकलेवाले दोन कोस चालून आले आणि भांडून गेले.
शोभा म्हणते, पहिल्यापेक्षा बरंच आहे ना? मेलं तर नाही कोणी.
मी यावेळी अक्कल दिली नाही. जीभ दातात धरून बसली. मिनूनं विचारलं, आजी दात दुखते का?

२३ सप्टेंबर
शोभा आपणच बोलायले लागली. भांडे घासता घासता.
"बांगड्याचं ठेवायचंच नाई. नखानं फोनवर ठोकायचं. नख सगळ्याईले असते."
मी भांडे विसळत राह्यली.
"आणि हो असंल तर एकदा, नसंल तर दोनदा. काहीच नाई ऐकू आलं तर 'नाई' असं समजायचं नाई. तर लगेच आणा म्हणायचं. पोळा असो का दिवाळी."
"मग सांग ना साहेबाले."
"सांगितलं. ते म्हणे, सिस्टर, करा. तुमीच करा."
"मग?"
भांडं दोनदा घासलं तिनं. "आणि तिसरंच काही निघालं तर? जे तुमाले नाई सुचलं, मले नाई सुचलं?"
काय सांगू? निघंलच तिसरं. आपल्या लोकाईत निघतेच.

२५ सप्टेंबर
इंदूचा ताप काल उतरला, आज पुन्हा चढला. शोभा अखेर तिच्याजवळ जाऊन आली. काय बोलल्या दोघी, मले सांगितलं नाही. नुसतं एवढं सांगितलं, का इंदूनं विचारलं, "बाई, माह्या जावेले सहावा चालू हाये. तिच्या पायावर सूज येते. पोस्टातून फोन केला तर तुमी असान ना?"
"तू काय म्हटलं?"
"सूज किती, ते विचारलं."

२६ सप्टेंबर
आज सकाळी शोभानं पांढरं पातळ काढलं. इस्त्री केली. मेट्रनले आणि साहेबाले, दोघाईले आज उत्तर द्यायचं होतं. वॉर्ड का फोन. चहा घेतला, अर्धा टाकला. वसंतानं पाठीचा पट्टा पुढं केला, तिनं बांधून घेतला. बांधताना त्यानं दोनदा विचारलं, घट्ट होते का.

मी ओट्यावर उभी होती. ओट्यावरून पानठेल्यापर्यंतचा रस्ता दिसते. तिथपर्यंत हळूहळू गेली, मग वळली. पुढं दवाखाना. डाव्या दारानं वॉर्ड, उजव्या दारानं फोन. निघताना मी विचारलं होतं, फोन का, तर तिनं चौकटीवर नखानं ठोकलं, एकदाच.