तीर्थात घातलेली चिनी मुळी

सोमवार, ३ नोव्हें.
आलं: धाकट्या बहिणीकडून, मालनकडून, वैरागहून, एस.टी.च्या पार्सलने. शेंगदाणे दोन किलो, तूरडाळ एक किलो, चिनी मुळीचं पाकीट एक. पार्सल सोडवायला ४० रु. मुळीचे ३५० मालनला आधीच पाठवलेत, नको म्हणत होती तरी. औषध फुकट घेतलं तर गुण येत नाही.
पाकिटावर सगळं चिनी. आत पांढरे तुकडे, वाळक्या खोबऱ्यासारखे, बोटाला पीठ लागतं. सोबत प्रसादची चिठ्ठी. मालनचा मुलगा, तिकडे चीनमध्ये डॉक्टरकी शिकतो, दिवाळीला आला तेव्हा घेऊन आला. लिहितो: "मावशी, इथले जुने वैद्य ही मुळी मान आखडली, ताप अंगातच मुरला, तहान भागेना, जुलाब लागले की उकळून देतात. दारूवर हिचं फूल जास्त चालतं, पण मुळीही देतात. ओढ कमी होते असं आमचे सर म्हणतात. खात्री नाही. काकांना विचारून दे."
खात्री नाही, या दोन शब्दांवर बोट ठेवून मी बसले होते बराच वेळ.
विचारून कसं देणार? दारू सोडवायच्या गोळ्या ह्यांनी गटारात टाकल्या, साखरेची तेवढी घेतात. "सोडायची ती माझी मी सोडीन. त्याला गोळ्या खायला मी काय रोगी हाय?" डॉक्टर तर म्हणालेत, लिव्हर सुजलंय, हे असंच चाललं तर पुढे माझ्या हातात काही नाही.

बुध., ५. त्रिपुरारी पौर्णिमा.
सुचलं. देवानेच सुचवलं म्हणावं का? नको. पाप त्याच्या माथी नको.
हे कितीही पिऊन आले तरी तीर्थाला नाही म्हणत नाहीत. सासूबाईंनी लावलेलं वळण. ओंजळ पुढे, डोळे मिटलेले, ओला हात डोक्याला. मुळी उकळली, गाळली, गार केली, वर तुळशीचं पान. म्हटलं, नवस केलाय, सकाळ-संध्याकाळ फुलपात्रभर तीर्थ घ्यायचं.
"एवढं? देवाला आंघोळ घातलीस का पोहायला सोडलंस?"
प्यायले. हात डोक्याला पुसला. केस चिकटले. "गोड लागतंय की." म्हटलं, देवाचं पंचामृत धुतलेलं पाणी आहे. एक खोटं बोललं की दुसरं तयारच असतं.
देव्हाऱ्याकडे पाठ करून पोळ्या लाटल्या.

शनि., ८.
आठवड्याचा पगार. पिऊन आले. एका पायात चप्पल. पायरीवर बसून, "तीर्थ दे की गं." दिलं. अर्धं सदऱ्यावर.
मुळी वाया. मीही.

गुरु., १३.
सकाळी आरशासमोर उभे. "अगं, मान वळतीय की!" टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, गठ्ठे उचलून वर्षभर आखडलेली. डावीकडे, उजवीकडे करून दाखवत होते, शाळेतल्या पोरासारखे.
काल बाटली अर्धीच घेतली म्हणाले, चव लागेना. माझा विश्वास नाही. लिहून ठेवते फक्त.

शनि., १५.
पगार. दिवे लागायच्या आत घरी. कोरडे! पगाराचं पाकीट हातात दिलं, वर पेढे. "लोकं म्हणतेत देव न्हाई. माझ्या नरड्यात उतरलाय की त्यो." पेढा देवापुढे ठेवायला सांगितला.
माझी भाकरी करपली.

मंगळ., १८.
हे गल्लीभर सांगत सुटलेत. कारखान्यातही. घरच्या तीर्थानं सुटली म्हणून.
शेजारची पद्मा आली. त्यांचे माग आहेत, घरात तेलुगू. तिचाही नवरा तसलाच. "वहिनी, आमच्या मालकांनाबी वाटीभर द्या की." म्हटलं, नवस ह्यांच्या नावचा आहे, दुसऱ्याला चालत नाही. ती उठली. मग, "देवाचं तीर्थबी आता रेशनवर व्हय? कार्ड घेऊन येऊ का?"
गेली. काय करू? मी काय पाजतेय ते मलाच धड माहीत नाही, तिच्या माणसाला काय पाजू.

शुक्र., २१.
पाकीट तळाला आलं. एक तुकडा रुमालात बांधून काष्ठौषधीच्या दुकानात नेला. शेटजींनी वास घेतला, मोडून बघितला. "आपल्या भुईकोहळ्याच्या घराण्यातली दिसते. पण ती नव्हे." म्हटलं, मग भुईकोहळाच द्या. "बाई, थोरली दाखवून चुलत बहिणीचं लग्न लावता का?" गिऱ्हाईकं हसली. तशीच परत आले.
मालनकडून आणखी मागवायची का? प्रसाद तर परत गेला.

रवि., २३.
आंघोळीहून आले ते भिंत धरत. घामाने निथळत होते. हात थरथरत, जीभ जड. खाली बसले ते आडवेच झाले.
आणि मी काय केलं? वाकून तोंडाचा वास घेतला. पडलेल्या माणसाचा आधी वास घेतला मी.
काही वास नव्हता. पद्मा माझा आवाज ऐकून धावत आली, तिने साखर तोंडात घातली. तिच्याच नवऱ्याने रिक्षा आणली.

सोम., २४. दवाखान्यात.
रक्तातली साखर एकदम खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, साखरेची गोळी तीच, जेवण तेच, मग कसं? आणखी काही घेता का, झाडपाला, चूर्ण?
हे पलंगावरून, "देवाचं तीर्थ घेतो फक्त. त्यानं काय हुतंय डॉक्टर?"
मी पलंगावरची चादर सारखी केली.
मग व्हरांड्यात डॉक्टरांना गाठलं. प्रसादची चिठ्ठी पुढे केली. सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, दारू सुटल्यानेही साखर इकडेतिकडे होते, मुळीनेही झालं असेल, मला आत्ता सांगता येणार नाही. पण असलं लिव्हर, त्यात साखरेची गोळी, त्यात अनोळखी मुळी. आजपासून बंद. "आणि त्यांना तुम्ही सांगा, बाई. शुक्रवारी तपासायला आणाल तेव्हा मी त्यांच्याशी बोलणार आहे."
सांगितलं तर तीर्थावरचा विश्वास जाणार. मग काय उरतं त्यांच्या हातात?

मंगळ., २५.
घरी आणलं. आज खरं तीर्थ दिलं, पळीभर. "एवढंच? चव गेली की आज." संध्याकाळी दोनदा दारापर्यंत गेले, परत आले. ओठ चाटत होते. मी जप करत होते की त्यांच्यावर नजर ठेवत होते, कळत नाही.

गुरु., २७. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार.
घट मांडला. फळं, विड्याची पानं, सगळं यथासांग. पोथी उघडली आणि वाचवेना. अशा तोंडाने?
चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं. मालन, प्रसाद, मुळी, सगळं. पाकीटही दाखवलं. वाटलं कपबशी भिरकावतील.
पाकीट उलटसुलट करून बघत राहिले. चहावर साय धरली. मग,
"म्हंजे देव न्हवताच त्यात."
म्हटलं, देवासमोर ठेवूनच देत होते.
"त्ये न्हाई इच्यारलं मी."
चप्पल घालून बाहेर गेले. मी खिडकीला. पद्माच्या पायरीवर बसले होते, एकटेच. तिच्या नवऱ्याने तंबाखू पुढे केली, घेतली नाही.

शुक्र., २८.
दवाखान्यात आले बरोबर. साखर बरी आहे. डॉक्टर काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "सांगितलंय मला."
घरी येऊन पूजा केली, तीर्थ पुढे केलं. ओंजळ केली नाही. "ठेव तितं." लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कधी नाही. पळी तशीच ताम्हनात आहे.
उद्या शनिवार. उद्या पगार.
मालनला पत्र लिहायला बसलेय. घरात फोन एकच, तोही ह्यांच्या खिशात, आणि मालनचं बोलणं फोनबाहेर गल्लीला ऐकू जातं. मजकूर असा:

चि. मालन, अनेक आशीर्वाद. मुळी आता पाठवू नकोस, डॉक्टरांनी बंद केली. प्रसादला बोल लावू नकोस, त्याने विचारून दे असंच लिहिलं होतं. मीच विचारलं नाही. त्याच्याशी बोलशील तेव्हा त्याच्या सरांना एवढं विचारायला सांग: मुळी थांबवल्यावर तिचा गुण अंगात काही दिवस राहतो का? आणि ज्याला न सांगता दिली, त्याला कळल्यावर तो माणूस परत बाटलीकडे जातो, की कोरडा राहतो? त्यांनी एवढे रोगी बघितले, एखादा तरी असा बघितला असेल. उद्यापर्यंत हे पत्र तुला पोचणार नाही, कळतं मला. तरी उलट टपाली कळव.