पाठमोरीचं तोंड

सोमवार, ४ जून १९९०

पोचले एकदाची! बसमध्ये शेजारच्या बाईची कोंबडी सोलोपर्यंत माझ्या चपलेवर बसून आली. उतरताना बाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कोंबडीची जागा अडवली होती. पण मन इतकं खूश होतं की भांडलेसुद्धा नाही. सुराबायाची बाई आणि भांडली नाही!

गाव तंबाखूच्या शेतांत आहे, आणि घर म्हणजे नुसता ऐसपैस मांडव. खुद्द की गोंदोहार्जो ('की' हा मानाचा किताब) फाटकापर्यंत आले. एवढा मोठा दालांग! पडद्यामागे एकटा बसून कातड्याच्या बाहुल्या नाचवतो आणि राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांचे आवाज स्वतःच काढतो. मला 'न्दुक, न्दुक', म्हणजे पोरी, पोरी, करत त्यांनी माझी पिशवी उचलायला घेतली. मी लाजेनं अर्धी झाले.

काम असं: 'रक्तवेत' या चित्रकथेचे नऊ भाग आहेत. त्यातून एका रात्रीचा खेळ लिहून द्यायचा. आमच्या रेडिओवर मी चित्रकथांच्या श्रुतिका करायचे, त्या ऐकून त्यांनी मला बोलावलं. लहानपणी 'रक्तवेत' भाड्यानं आणून आम्ही भावंडं त्यावरून मारामाऱ्या करायचो. आता त्याचेच पैसे मिळणार.

माझी लेक निनुक माकजवळ, माझ्या आईजवळ, राहिली आहे. सात वर्षांची घोडी, पण निघताना माझा पदर सोडेना. माकनं मात्र नेहमीसारखं सुनावलं. सोलोकडचे लोक साखरेत घोळून बोलतात, तू आपली मान डोलवत बसू नकोस, आपण सुराबायाचे, नाही तर नाही म्हणायचं. आईचा स्वभाव! पाहुण्यांच्या घरी पहिल्याच दिवशी 'नाही' कोण म्हणतं?

गुरुवार, ७ जून

इथलं सगळं जेवण गोड. भाजी गोड, सोयाबीनचं तेम्पे गोड, चहा तर पाकच. माकनं दिलेली कोळंबीच्या पेतिसची, आमच्या काळ्या खारट चटणीची, बरणी उघडली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बाहुल्या कोरणारा तुगिमिन मागच्या पडवीत बसतो. रात्रभर टीव्हीवर फुटबॉलचे जुने सामने बघतो आणि दिवसा पेंगत छिन्नी चालवतो, तरी हात चुकत नाही. त्यानंच आज खरी अडचण दाखवली. चित्रकथेत नदीकाठी एक बाई उभी असते, नऊही भागांत, आणि कायम पाठमोरी. तिचं तोंड चित्रकारानं कधी काढलंच नाही, आणि आता तो वारला. तुगिमिन मला म्बाक, म्हणजे ताई, म्हणतो. म्हणाला, म्बाक, कागदावर हे चालतं. कातड्याच्या बाहुलीला पाठ नसतेच, तिचं तोंड एका बाजूनं दिसलंच पाहिजे. मग कुणाचं तोंड कोरू, माझ्या सासूचं?

मी खूप हसले. पण रात्री जेवताना तोच घास घोळवत राहिले.

शनिवार, ९ जून

सुटलं कोडं! ती वळली पाहिजे, आणि वळायला कारण हवं. मी तिला एक मुलगी दिली. मूळ कथेत नाही, माझी भर. शेवटच्या प्रवेशात मुलगी मागून 'इबू!', आई, अशी हाक मारते आणि बाई वळते. लिहिताना निनुकची इतकी आठवण आली की डोळे भरून आले.

पाक दालांगांना (पाक म्हणजे बाबा, सगळे त्यांना तसंच म्हणतात) वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सगळं झाल्यावर मुलीचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग फार हळुवारपणे विचारलं की त्या बाईसाठी तुझा चेहरा घेतला तर चालेल का. मी म्हणाले, इंगिह. दुसरं काय म्हणणार? इथं मोठ्या माणसाला उत्तर एकच, इंगिह, होय जी. पटलं तरी तेच, न पटलं तरी तेच. शिवाय खरं सांगायचं तर मनातून मी फुलून गेले होते. नऊ भाग सगळ्या देशानं जिच्या तोंडाची वाट पाहिली, ते माझं!

सोमवार, ११ जून

त्यांच्या बायकोला, बू गोंदोला, मी आवडत नाही. एक अक्षर बोलत नाही. आधी वाटलं तोरा आहे. तुगिमिन म्हणाला, तोरा कसला, ती मुकीच आहे. पण जन्मापासून नाही. लग्नाआधी गायिका होती, चार जिल्ह्यांत नाव होतं. लग्न झालं आणि वर्षभरात आवाज बसला तो बसलाच.

आज मी आंघोळीहून आले तर माझे कपडे पिशवीत भरून पिशवी दारात ठेवलेली. बाई बाजूला उभी, हात रस्त्याकडे. मला असा राग आला! तुमच्या म्हाताऱ्याला कोण पळवतंय, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. सगळे कपडे पुन्हा बाहेर काढले, तिच्यासमोर.

बुधवार, १३ जून

घरात फोन एकच, बैठकीच्या खोलीत, पाक दालांगांच्या आसनाशेजारी. मी निनुकशी बोलते तेव्हा ते उठून जात नाहीत. डोळे मिटून बसतात. आज बोलता बोलता सहज मागे बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. मी बोलायचे, ते ओठ हलवायचे. माझं बघणं कळल्यावर ते हसले आणि म्हणाले, तुझा आवाज शेवटाला जरा लांबतो, न्दुक, ते लकब म्हणून छान आहे. तो आवाज बाईसाठी घेऊ का?

इंगिह म्हणाले मी. पण हे वाक्य मला आवडलं नाही. माणूस आवाजाची नक्कल करतो, 'घेऊ का' कशाला विचारतो? सोलोकडची बोलायची पद्धत असेल. मी उगाच संशय घेते, पण घेते खरी.

आणखी एक. जाहिरातीचा कागद छापून आला, त्यात लेखिका म्हणून माझं नाव नाही. विचारलं तर म्हणे, तू तर खेळातच आहेस, वेगळं नाव कशाला?

शनिवार, १६ जून

दुपारी तालीम ऐकली. पाक दालांग राजकन्येचं बोलत होते. सत्तरीचा माणूस, घसा खोकून खोकून फाटलेला, आणि आवाज असा कोवळा की अंगावर काटा आला. वाजवणारे माना डोलवत होते. बू गोंदो चहा घेऊन आली होती. राजकन्या गाऊ लागली तशी तिनं तबक खाली ठेवलं आणि गळ्यावर हात धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाला. आधी तिचे ओठ, मग त्यांचा सूर.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मला त्या पिशवीची आता लाज वाटते.

तुगिमिनला आडून विचारलं. तो काम सोडून निघून गेला. हा माणूस सासूवरून तासभर बोलतो, आणि यावर गप्प!

सोमवार, १८ जून

पाठमोरी जवळजवळ झाली. केस, वस्त्राची नक्षी, बोटं, सगळं कोरून झालं. तोंड शेवटी उघडतात, म्हणजे कोरतात, आणि ते पाक दालांग उपास धरून स्वतःच करतात. तसं सगळीकडेच करतात, त्यात नवल नाही. पण शेजारी दुसरी बाहुली होती. लहान. दोन वेण्या, डावीकडची वर बांधलेली.

निनुकची डावी वेणी मी नेहमी वर बांधते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. फोनवर निनुकनंच सांगितलं होतं, की आजी दोन्ही सारख्या बांधते, डावी तुझ्यासारखी वर बांधत नाही, आणि मीही तेच पुन्हा म्हणाले होते, पाक दालांग शेजारी बसलेले असताना.

त्या बाहुलीच्या तोंडाची जागा कोरी आहे. तुगिमिनला विचारलं, हिचा चेहरा कुठून आणणार? तो म्हणाला, दालांग म्हणाले, येईल. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, म्बाक, तुम्हीच हो म्हणालात ना?

कधी? कधी म्हणाले मी?

मग आठवलं. परवा जेवताना त्यांनी विचारलं होतं, मुलगीही येऊ दे ना, न्दुक? मला वाटलं, खेळातली मुलगी. घास तोंडात होता. मी म्हणाले इंगिह.

बुधवार, २० जून

आज सगळी लाज सोडली. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सुराबायाच्या भाषेत सांगितलं: नाही. चेहरा नाही, आवाज नाही, मुलगी तर नाहीच नाही. मी प्रवेश बदलते, मुलगी काढून टाकते. ते रागावले नाहीत. चहा पुढे केला. म्हणाले, कागदावरचं खोडता येतं, न्दुक, कातडं कापलेलं आहे. आणि दिलेलं परत मागणं तुझ्यासारखीला शोभत नाही.

माझ्या लेखणीनं आणली ही पोर खेळात. नसती आणली तर? मलाच तिच्या वळण्याला कारण हवं होतं.

उद्या पहिल्या बसनं जाणार.

गुरुवार, २१ जून

सकाळी पडवीतून छिन्नीचे बारीक ठोके ऐकू आले, पाक दालांग पाठमोरीचं तोंड उघडत होते. पिशवी भरत होते. आधी डोळा, मग नाक, असं तुगिमिन सांगायचा. शेवटी ओठ. ठोके थांबले. मी बू गोंदोला निरोप द्यायला तोंड उघडलं.

काही नाही.

घसा दुखत नाही. श्वास येतो. खोकलेसुद्धा. पण शब्द नाही. एकसुद्धा नाही.

बू गोंदोनं मला मिठीत घेतलं. दोघी रडलो, आवाज न करता.

नंतर

फोन वाजला. पाक दालांगांनी उचलला. मी दाराशी होते. त्यांनी तोंडाशी धरला आणि मी बोलले. म्हणजे ते. माझा आवाज, शेवटाला लांबणारा. 'निनुक बाळा, शाळेला सुट्टी लागली का गं? ये ना इकडे. तुझी बाहुली केली आहे. आजीला सांग.'

मी झडप घातली. तुगिमिननं मला धरलं. पलीकडून निनुक आनंदानं किंचाळली, ते मला इथपर्यंत ऐकू आलं.

शुक्रवार, २२ जून

मी बसनं निघाले आणि वाटेत चुकामूक होऊन निनुक इथं पोचली तर? म्हणून टपाल कचेरीत गेले. तार केली: निनुकला आणू नको. माझ्या आवाजावर विश्वास ठेवू नको. कारकुनानं दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. पण पाठवली.

देवा, माकला कळू दे. ती कुणाचं ऐकत नाही. आता तरी तिनं हट्टीपणा करावा.

शनिवार, २३ जून

पुन्हा फोन. माक ओरडत असणार, कारण पाक दालांगांनी फोन कानापासून लांब धरला. मग माझ्या आवाजात हसले. माझं हसणं! म्हणाले, अगं माक, तार कुठली, इथल्या वात्रट पोरांनी थट्टा केली असेल. मी बोलते आहे ना तुझ्याशी? आईला लेकीचा आवाज ओळखू येत नाही होय?

तिला आला ओळखू.

उद्या रात्री निघतात. सोलोला घ्यायला गाडी जाणार.

रविवार, २४ जून

फाटकाबाहेर पडू देत नाहीत. दार ओढून घेतात, आणि 'आराम करा, म्बाक' म्हणतात. मला तुगिमिनच्या पडवीतल्या खोलीत ठेवलंय, बाहेरून कडी. खिडकीला लाकडी गज. समोर अंगण आणि फाटक दिसतं.

ती लहान बाहुली इथंच आहे. फाडायला गेले तर कातडं लाकडासारखं टणक. छिन्न्या सगळ्या उचलून नेल्या आहेत.

निनुक आत्ताच वाचायला शिकली. मोठं अक्षर असलं की लावून लावून वाचते. दौतीत शाई आहे.

सोमवार, २५ जून

गाडी आली. बू गोंदो फाटकात हात पसरून उभी होती. तुगिमिननं तिला दंडाला धरून बाजूला नेलं, चला बू, ऊन लागेल, असं मायेनं म्हणत.

निनुक उतरली. माक डिकीतून सामान काढते आहे, चालकाशी भांडते आहे. माक, इकडे बघ. इकडे—

गज हलवले. निनुकनं बघितलं. मला बघितलं! हसली— धावत येते आहे—

पान फाडून गजांत अडकवलं. मोठ्या अक्षरांत. घरात जाऊ नकोस. आजीला घेऊन पळ.

थांबली. वाचते आहे. बोट लावून, ओठ हलवत. 'घरात' लागला. 'जाऊ' लागला— हुशार माझी बाय— पुढचा, निनुक, पुढचा शब्द वाच—

मांडवातून हाक आली. माझ्या आवाजात. निनुक, तिथं काय वाचत बसलीस, ये, मी वाचून दाखवते—

ती वळली. पानाकडे बघते, मांडवाकडे बघते. मी गजांतून हात बाहेर— तिनं विचारलं, इबू, तू इथं आहेस की तिथं?

बोलता येत ना— इथं, इथं— लिहिते आहे, मोठं, इथं म्हणून, थांब बाळा, हे बघ, इ—