माळ्यावर दत्तू, पानावर अतिथी

गिरगाव, ८ ऑगस्ट १९५६
हिचा चातुर्मासाचा नेम: कोणी अनोळखी अतिथी जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. नेम आषाढीचा. हिचा भाऊ दत्तू नंतर आला, संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं चिकटवली म्हणून वॉरंट, सबब आमच्या माळ्यावर. आता देवळातून रोज एकच गृहस्थ जेवायला येतो. अनोळखी कसला? ही म्हणते, "नाव कुठे ठाऊक आहे मला?"
आल्या आल्या माळ्याकडे बघतो.

१० ऑगस्ट
आज नीट निरखलं. आपोशन, पानाभोवती चित्राहुती, सगळं बिनचूक. हल्ली भटजीसुद्धा इतकं करत नाहीत. शिकवून पाठवलेला सी.आय.डी. दिसतो.
ही: "आणि चुकला असता तर?"
"तरीही सी.आय.डी.च."
ताक वाढताना वर दत्तू खोकला. त्याच वेळी पाहुण्याने मोठ्ठा भुरका मारला. का?

११ ऑगस्ट
राहवलं नाही. पहिल्याच घासाला विचारलं, "गोत्र कोणतं आपलं? राहणं कुठे?" अतिथीला जेवणाआधी कुळगोत्र विचारू नये, हे पाठशाळेत घोकलेलं. वर्तमानपत्राच्या बातमीदारीत विसरलो.
"वडाळ्याला," म्हणाला. गोत्र गिळलं. मागचा भात न घेताच उठला.
ही भांडी आपटत: "चौकशी करून जेवायला घालतात ते कोठडीत!"

१३ ऑगस्ट
काल आला नाही, आजही नाही. ही दोन्ही दिवस उपाशी. देवळात दुसरा एक गाठला, तर तो जेवून आलेला. माझ्या मते गृहस्थ वर्दी द्यायला गेला. हिच्या मते माझ्या जिभेला भ्यायला.
दत्तू वरून: "ताई, मीच उतरतो. मला अतिथी समज."
"तू घरचा. गप पड."
"मग निघतो तरी. भावोजींची झोप उडालीय."
नाक्यावर पोलिसांची गाडी उभी. निघून जाणार कुठे?

१४ ऑगस्ट
दुपारी कडी वाजली. तोच, एकटा. भात दोनदा घेतला. मी तोंडाला कुलूप घालून वाढत होतो. जाताना उंबऱ्यात थांबून हिला म्हणाला, "वहिनी, माळ्यावरच्यांना ज्येष्ठमध द्या. कोरडा खोकला आहे."
ही लगेच जेवायला बसली. त्याआधी मला ज्येष्ठमधाला पिटाळलं.
परत आल्यावर, माळा फुटला म्हणून, मी दत्तूची पिशवी भरून दाराशी ठेवली. हिने तीतून त्याचा पंचा काढला आणि पुन्हा दांडीवर टाकला.