ऑपरेशनच्या सकाळी बंद पडलेली गाडी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

आज सकाळी आमची गाडी सुरू झाली नाही, आणि ती का झाली नाही हे कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हे पत्र. तुझी कंबर कशी आहे? बरी असली तर पुढचं उभ्यानं वाच.

आज तुझ्या भावजींचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, हे तुला ठाऊक आहे. (किती ठाऊक आहे, ते पुढे येईलच.) पिशवी भरली, हे मागे बसले, मी किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. काल बाजारात मुकाट्याने आलेली गाडी. हे मागून म्हणाले, "राहू दे गं, तिच्या मनात नाहीये." उभ्या संसारात ह्यांनी यंत्राला मन दिलेलं मी ऐकलं नव्हतं (गिझर गेला तेव्हा त्याला नुसतं 'भंगार' म्हणाले होते), पण घाईत माझ्या लक्षात आलं नाही. एवढ्यात खालचे शिंपीकाका गळ्यात टेप तशीच ठेवून धावत आले आणि धक्का मारायचं ठरलं. ह्यांना हर्निया, म्हणून ह्यांना स्टिअरिंगवर बसवून काकांनी आणि मी गाडी फाटकापर्यंत ढकलली. परतही आम्हीच आणली. हे आतून "सांभाळून" म्हणत होते, ते आम्हाला की गाडीला कोण जाणे.

मग मेकॅनिक आला. बॉनेट उघडून म्हणाला, "मावशी, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा फ्यूजच नाहीये. उडाला असता तर जागेवर सापडला असता. हा कोणीतरी काढलाय." मी चोरीची शंका काढली. काका म्हणाले, गाडी सोडून फ्यूज नेतो तो चोर नव्हे, बैरागी. "हल्ली काही सांगता येत नाही," हे म्हणाले.

तेवढ्यात मला ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण झाली. ऑपरेशनपूर्वी पोटात काही जाऊ द्यायचं नव्हतं, पण एवढी एक गोळी घोटभर पाण्याबरोबर द्या, असं डॉक्टरांनी काल मला फोनवर सांगितलं होतं. ह्यांना ते माहीत नव्हतं. वारांचे खण असलेली डबी मी टपावर ठेवून उघडली. बुधवारच्या खणात गोळीला टेकून निळा फ्यूज. उपाशी माणसाचा खण कोण उघडतंय, असा ह्यांचा होरा. मेकॅनिक म्हणाला, "हाच." हे म्हणाले, "नव्या कंपनीची गोळी असेल."

मी हादरले. जो माणूस दारातल्या विक्रेत्याला 'घरात कोणी नाही' एवढंसुद्धा खोटं सांगत नाही, त्याने माझ्याकडून गाडी ढकलून घेतली. कोणी शिकवलं, असं विचारल्यावर तुझं नाव निघालं. तू फोनवर म्हणालास म्हणे, "भावजी, गाडीला अपाय नको, फक्त तो निळा काढा." अरे, तू गॅरेज थाटलंस ते गाड्या सुरू करायला ना? आणि मग हे, सगळ्यांच्या देखत, हळूच म्हणाले, "भूल उतरलीच नाही तर तू एकटी पडशील." काका आणि मेकॅनिक उगाच टायरकडे बघू लागले. मी खणातला फ्यूज उचलून मेकॅनिकच्या हातावर ठेवला.

आता ऑपरेशन सोमवारी आहे.

तुझी,
ताई

ता. क. हॉस्पिटल चौकापलीकडेच आहे, चालत जाण्याजोगं. फ्यूज बसवल्यावर गाडीही लगेच सुरू झाली. मीच मेकॅनिकला म्हटलं, "बंद करा, आता उशीर झाला." घड्याळ कोणीच पाहिलं नव्हतं.

आणखी एक. रविवारीच ये. सोमवारी ह्यांना तू आत पोचव आणि मग बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बस. बोललं नाहीस तरी चालेल.

शिंपीकाकांची सून उद्या तुझ्या गावी निघाली आहे. तिच्या हाती देते आहे ते असं: गाडीची किल्ली, तिची जोडकिल्ली आणि हे पत्र. किल्ल्या तिकडेच ठेवून ये; सोमवारी चालतच जायचं. सगळं ती माझ्यासमोर तपासून पर्समध्ये ठेवणार आहे.