नंबर संपत आले तेव्हा

लातूर, बुधवार संध्याकाळ

नांदेडच्या दवाखान्यात बसवायच्या सिस्टीमची टेस्ट दुपारी मी आणि प्रशांतदादानं मिळूनच चालवली. डेटाबेस प्रत्येक व्यवहाराला, म्हणजे प्रत्येक नोंदीला, नंबर देतो, आणि हे नंबर ठरावीकच असतात. ते आम्ही मुद्दाम शेवटाकडं पळवले. संपत आले तसं डेटाबेसनं नव्या नोंदी घेणंच बंद केलं. दादाच घाबरला, "नांदेडच्या दवाखान्यात असं झालं तर? पेशंट दाखल कसे करणार?"

आणि साहेबांसमोर तोच काय म्हणाला? "सिस्टीम ठीक हाय. हिनंच काहीतरी चुकीचं चालवलं." माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. ज्यानं मला हे काम शिकवलं, त्यानं!

मी तिथंच टेस्ट पुन्हा चालवली. डेटाबेस पुन्हा अडला. साहेबांनी नांदेडचं काम थांबवलं.

नंतर जिन्यात दादा म्हणाला, "मनावर घेऊ नको गं. माझं प्रमोशन अडकलं असतं." एवढ्यासाठी?

"बरं, सर," म्हणाले मी. दादा म्हणवलंच न्हाई.